फिलोमेनच्या भिंतीतलं खिंडार

मी साचा बोलतोय. विटांचा साचा. पण साचा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे वीटभट्टीवरचा, दोन हातांनी उचलायचा दांडगा साचा आला असेल, तर तो मी नव्हे. मी तळहाताएवढा. माझ्यातून पडणारी वीट काडेपेटीहून जराशी मोठी. तिने माणसाचं घर बांधता येत नाही. माझ्या विटांनी वर्षातून एकदाच घर उभं राहतं, नाताळात, आणि त्यात उतरायला एकच पाहुणा येतो.

चार फळ्या आणि चार खिळे, एवढाच माझा देह. तळ नाही, झाकण नाही. लाकूड कडुनिंबाचं, म्हणून वाळवीने अजून तोंड लावलेलं नाही. स्वभावही लाकडावरच गेलाय. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, माझी कहाणी नाताळची असली तरी ती ऐकून तुमचं तोंड गोड होणार नाही.

मला अंसेल्म गवंड्याने घडवलं, तांगपोरे गावात. अंसेल्मला गावात दोन कामांसाठी बोलावणं यायचं. एक, घर बांधायला. दुसरं, घरधनी वारला की भिंत फोडायला. आम्हा मोसी लोकांत घरधन्याला शेवटचं नेताना दारातून नेत नाहीत. अंगणाच्या भिंतीला खिंडार पाडायचं, तिथून त्याला बाहेर काढायचं, आणि मग काही दिवसांनी भिंत बुजवून टाकायची, अशी रीत. त्यामुळे ज्या घराच्या भिंतीला खिंडार दिसेल, त्या घरात काय झालं ते विचारावं लागत नाही. बायका लांबून बघतात आणि डोक्यावरची घागर उतरवून रडायला लागतात. लहान मुलांना मात्र त्या वेळी कुठल्या तरी मावशी-आत्याकडे धाडून देतात. त्यांना यातलं काही कळू देत नाहीत.

तर हा अंसेल्म. एकदा सुगी आटपली होती, धुळीचा गार वारा सुरू झाला होता, आणि त्याची मुलगी फिलोमेन रडकुंडीला येऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, माझ्या विटा वेड्यावाकड्या होतात. सगळे हसतात."

"हसतील नाही तर काय! गवंड्याची पोर आणि वीट वाकडी? उद्या मला कुणी घर बांधायला बोलावणार नाही. तुझ्यापायी आपण सगळे उपाशी मरणार."

असं म्हणत म्हणतच त्याने एका चौकटीतून उरलेली फळी ओढली आणि करवत घेतली. संध्याकाळपर्यंत मी तयार झालो. फिलोमेनने मला उराशी धरलं आणि मग लगेच चिखलात घातलं. माझं बारसं ते असं झालं.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार आला की तांगपोरेतली मुलं चिखल तुडवायला लागत. चिखल, भुसा, थोडं शेण. बार्नाबे गुरुजी त्यांच्या डोक्यावर उभे. गावात फादर क्वचित यायचे. मुलांना धर्मशिक्षण देणं, प्रार्थना सांगणं, नाताळची तयारी करून घेणं हे सगळं बार्नाबे गुरुजींकडे. रविवारी ते एक मेणबत्ती लावायचे, पुढच्या रविवारी दोन, असं करत करत चार. गौरवगीत आगमनकाळात म्हणायचं नसतं, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवायचं. मुलांच्या अगदी ओठांवर आलेलं असायचं, पण कुणी तोंड उघडलं की गुरुजी डोळे वटारायचे.

"गुरुजी, सगळं घर आजच बांधून टाकू या ना!"

"आज बांधशील तर उद्या काय करशील? माझं डोकं खाशील. रोज थोडं बांधायचं. वाट बघता आली पाहिजे माणसाला."

आणि आमच्या गावची एक रीत होती. बाळ येशूच्या गव्हाणीसाठी जे मातीचं घर बांधायचं ते बेथलेहेमचं नाही, गावातलंच. दर वर्षी एका कुटुंबाची पाळी. ज्याची पाळी त्याच्या घरासारखं हुबेहूब घर: तीच अंगणाची भिंत, तेवढ्याच खोल्या, त्याच जागी कणगी. त्या वर्षी बाळ येशू त्या घरी उतरला असं मानायचं. ज्यांची पाळी त्यांच्या घरची बाई मग महिनाभर जरा ताठ मानेने पाणी भरायची.

दोन-तीन घरांची पाळी माझ्या विटांनी झाली. मग एका वर्षी अंसेल्मच्या घराची आली. फिलोमेनचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ती विटा पाडायची आणि दर विटेला बापाला दाखवायला पळायची. अंगणाची भिंत गुडघ्याइतकी झाली. बाहुलीच्या गुडघ्याइतकी म्हणतोय मी.

भिंत तेवढीच राहिली. पलीकडच्या गावात मोटारसायकलींवरून बंदूकवाले आले, आणि दुपारपर्यंत तांगपोरे रिकामं व्हायला लागलं. कुणी कोंबड्या बांधल्या, कुणी पातेली. फिलोमेनच्या हातात मी होतो, ओला, चिखलाने भरलेला; ती मला तशीच घेऊन पळाली. तिची आई ओदिल पुढे, पाठीवर तान्हा सिरिल बांधलेला. तळ्यापर्यंत अंसेल्म बरोबर होता. तिथे तो थांबला.

"बियाण्याची बाजरी राहिली. घेऊन येतो. तुम्ही चालत राहा, मी गाठतो."

"जाऊ द्या ती बाजरी," ओदिल म्हणाली.

"आणि पावसाळ्यात काय पेरायचं? खडे?"

तो वळला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते पाठमोरं. आम्ही काया शहराकडे चालत राहिलो आणि त्याने काही आम्हाला गाठलं नाही.

शहराच्या कडेला तंबू होते, तिथे आम्हाला जागा मिळाली. ताडपत्रीच्या घरात साच्याला काय काम असणार? पहिल्या आगमनकाळात तंबूतंबूतून मुलं गोवराने फणफणली होती, चिखलाकडे कोण बघतो. दुसऱ्या वर्षी पाण्याचे हाल. मी ओदिलच्या बोचक्यात पडून असायचो, एका जुन्या ब्लाऊजखाली. तिथून मला चूल दिसायची. ओदिल दिवसभर खडी फोडायला जायची, संध्याकाळी बाजरीची घट्ट उकड आणि भेंडीचं कालवण करायची, आणि तीन पानं वाढून झाली की चौथं काढून झाकून ठेवायची. अंसेल्मचं. सकाळी ते सिरिल खायचा. रोज. बायका तिला म्हणायच्या, "ओदिल, आता..." आणि तिथेच थांबायच्या. तिने विधवेचं काहीही केलं नव्हतं. तिचा नवरा बाजरी आणायला गेला होता.

फिलोमेनचं मात्र एकच टुमणं. "आई, पाळी आपलीच आहे. आपलं घर अर्धंच राहिलंय. बाबा येतील तेव्हा ते पुरं झालेलं दिसायला पाहिजे." तिला सगळ्यात काळजी सिरिलची वाटायची. त्याला घर म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. भिंतीला टेकायला सांगितलं तर तो ताडपत्रीला टेकायचा आणि मागे पडायचा.

तिसऱ्या आगमनकाळात, गावाबरोबर तंबूंत आलेल्या बार्नाबे गुरुजींनी तोडगा काढला. त्यांनी मुलांना जमवून सांगितलं, "या वर्षी उपास, त्याग, जे काही करायचं ते पाण्याचं. रोज प्रत्येकाने आपल्या वाट्यातलं एक पेला पाणी आणायचं. आईच्या वाट्यातलं नाही, भावाच्या नाही. आपल्या. त्याचाच चिखल करायचा."

मुलं खरोखर आणायला लागली. शेजारच्या तंबूंतली मुसलमान मुलंही पेले घेऊन यायची. चिखल दिसला की पोरांना धर्म आठवत नाही. बोचक्यातून मी बाहेर आलो. माझ्या फळ्या सुकून उकलल्या होत्या. फिलोमेनने मला रात्रभर भिजवून ठेवलं, तेव्हा कुठे मी पुन्हा घट्ट झालो.

तंबूंच्या नळावर पाणी वाटायला क्लारिस बाई असायची. ती सामो जमातीची. मोसी आणि सामो भेटले की त्यांनी एकमेकांची टर उडवायची, ही वाडवडिलांपासूनची रीत: सामोने मोसीला गुलाम म्हणायचं, मोसीने सामोला कुत्रेखाऊ. जो रागावला तो हरला.

"आले का माझे गुलाम!" क्लारिस ओरडायची. "प्यायला पाणी नाही आणि यांना चिखल खेळायचाय. मोसीच्या डोक्यात मेंदू ठेवायचा देव विसरला, तिथे भुसा भरला."

"काकू, तुमच्या चुलीवर कुत्र्याचं मुंडकं करपतंय. आधी ते बघा," फिलोमेन म्हणायची.

क्लारिस पोट धरून हसायची आणि तिचा पेला काठोकाठ भरायची. "हा वरचा घोट तुमच्या त्या बाळाला. सांग त्याला, सामो बाईने दिलाय. तुम्ही कंजूष कसले देताय!"

ते दिवस बरे होते. मी कबूल करतो. घर वाढत होतं. फिलोमेन डोळे मिटून आठवायची, मग बोटाने धुळीत रेघ ओढायची आणि तिच्यावर विटा रचायची. सिरिल शेजारी उकिडवा.

"हे काय?"

"कणगी."

"तिच्यात काय?"

"बाजरी."

"आणि बाबा कुठेत?"

"बाजरी आणायला गेलेत."

"मग कणगीत आहे ती कुणाची?"

फिलोमेनने त्याला एक टपली मारली. गुरुजी तिथेच बसले होते. मुलीने "बाबा आले की" असं म्हटलं, की म्हाताऱ्याला खोकला यायचा. मग ते घाईघाईने म्हणायचे, "चला, गाणं म्हणा, गाणं." मी समजायचो, धुळीचा खोकला असेल.

नाताळ आठवड्यावर आला आणि नळ आटला. दुष्काळात तेरावा महिना. क्लारिसने नळाला कुलूप घातलं आणि ती सावलीत बसून राहिली. तिला शिव्या द्यायचीही कुणाला ताकद नव्हती. फिलोमेनने घागर खरवडली, चिखलाचा खड्डा खरवडला. माझ्यात जेमतेम कोपरे भरतील एवढाच चिखल निघाला. घर पुरं झालं होतं, खोल्या, कणगी, दार, सगळं. अंगणाची भिंतही झाली होती. फक्त दाराशेजारी थोडी जागा मोकळी राहिली.

"राहू दे. पाणी आलं की एवढं बुजवू," ती म्हणाली.

पण तिला धीर कुठला! दुसऱ्या दिवशी खडीचं काम बंद होतं, ओदिल घरी होती. फिलोमेन तिला हाताला धरून घेऊन आली.

"डोळे मीट, आई. मीट म्हणते ना. बघायचं नाही हं."

"अगं, पडेन मी."

"नाही पडणार. मी धरलंय. हं, आता उघड."

ओदिलने डोळे उघडले. आधी ती हसली. तिचं घर होतं ते, कणगीपासून उंबऱ्यापर्यंत. मग तिची नजर भिंतीवरून फिरत फिरत दारापाशी आली आणि दाराच्या शेजारी थांबली. तिथे खिंडार होतं.

"फिलो," ती अगदी हळू म्हणाली, "हे तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"भिंत फोडायला कोणी सांगितलं?"

"फोडली नाही गं, आई. ते अजून..."

पण ओदिल तिच्याकडे बघतच नव्हती. ती गुरुजींकडे वळली होती. "गुरुजी, पोरीला सांगितलंत आणि मला नाही?"

बार्नाबे गुरुजी उठून उभे राहिले. म्हातारा घाबरला होता. "ओदिल, शपथेवर सांगतो, मी पोरीला एक शब्द बोललो नाही. मी कुणालाच बोललो नाही."

गुरुजींचा हात त्यांच्या तोंडाकडे गेला, पण आता उशीर झाला होता.

"म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी होतं," ओदिल म्हणाली.

होतं. गावातून मागाहून निसटलेल्या एका माणसाने गुरुजींना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. अंसेल्म बाजरीची पिशवी घेऊन परत फिरला होता आणि गावाबाहेर पडायच्या आधीच त्याला गोळी घातली होती. त्या माणसाने आणि आणखी एकाने त्याला घाईघाईने पुरलं. गुरुजींनी त्याला सांगितलं, आगमनकाळ चालू आहे, पोरांचा नाताळ होऊ दे, मग मी सांगतो. नाताळ झाला. मग म्हणाले, मुलं गोवरातून उठू देत. मग म्हणाले, पेरण्या होऊ देत, जशा काही त्यांच्याकडे पेरायला जमिनी होत्या. मग पुन्हा आगमनकाळ आला. माणसांचं हे मला कधी कळलंच नाही. ओली वीट वेळेवर साच्यातून काढली नाही तर ती आतच चिकटते आणि मग ओढून काढताना फुटते, हे त्यांना माहीत असतं. तोंडातल्या गोष्टीच्या बाबतीत मात्र विसरतात.

ओदिल खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला. तंबूंतून बायका धावत आल्या. त्यांनी खिंडार पाहिलं आणि त्याही रडायला लागल्या, कुणालाही काही विचारावं लागलं नाही. मधोमध फिलोमेन उभी होती, हातात मी. ती एकेकीचं तोंड बघत होती. शेवटी एका म्हातारीने तिला जवळ ओढून कानात सांगितलं, भिंतीला खिंडार कधी पाडतात ते. माझ्यावरची तिची पकड इतकी घट्ट झाली की माझा एक खिळा सुटला.

त्या रात्री ओदिलने तीनच पानं वाढली.

तुम्हीच सांगा, पोरीने काय समजायचं? भिंतीत खिंडार नव्हतं तोवर तिच्या बापाचं पान रोज वाढलं जात होतं. तिने खिंडार ठेवलं आणि त्याच दिवशी बाप मेला. मोठी माणसं मागचं-पुढचं जुळवतात, गोळी आधी, बातमी नंतर. मुलाला तसं जुळवता येत नाही. त्यातून काही दिवसांनी ओदिलने तिला कुशीत घेतलं आणि तिच्या मते चांगलंच काही सांगितलं. "तुझ्या बापाने गावातल्या प्रत्येक घरधन्यासाठी भिंत फोडली, पण त्याच्यासाठी कुणी फोडली नव्हती. तो तिथेच अडकून पडला होता. तू त्याला वाट करून दिलीस, पोरी." आईचं मन हलकं झालं. मुलीने मान हलवली आणि ती उठून बाहेर गेली. मी बोचक्यावर पडलो होतो. मला तिचा चेहरा दिसला. तिच्या मनात काय पक्कं झालं ते मला तेव्हाच कळलं, पण मला तोंड कुठे आहे?

त्या नाताळला मुलांनी गौरवगीत म्हटलं. ती गायली नाही.

मग वर्षभर मी एक विचित्र प्रकार बघत आलो. फिलोमेन तंबूची भोकं शिवायची. ताडपत्रीला सुईच्या अग्राएवढं छिद्र दिसलं तरी दोरा घेऊन बसायची. संध्याकाळी तंबूच्या तोंडावर दगड रचायची आणि आई बाहेर गेली की कासावीस व्हायची. सिरिल दगड ओलांडून पळाला तर त्याला बदडायची. ओदिल म्हणायची, "पोरगी शहाणी झाली हो, घर सांभाळते." गुरुजींकडे ती गेली नाही. रस्त्यात ते दिसले तर वाट बदलायची. नळावर क्लारिस म्हणायची, "काय गं गुलाम, जीभ मांजराने खाल्ली का?" आणि फिलोमेन घागर भरून निघून जायची. पहिल्या वेळी क्लारिस हसली. मग मात्र तिने टर उडवायची सोडून दिली. सामो बाईने मोसीची टर उडवायची सोडली, म्हणजे गोष्ट किती थराला गेली ते समजा.

आणि या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी फिलोमेन आपणहून आली. मला घेऊन. सुटलेला खिळा तिने दगडाने ठोकून बसवला होता.

गुरुजींना काय आनंद झाला! "आली, माझी पोर आली! मुलांनो, सरका, तिला जागा द्या. आता आपलं घर होणार बघा." हल्ली त्यांच्याकडे मुलं कमी यायची. गावची माणसं त्यांना नमस्कार करायची, पण थांबून बोलायची नाहीत. म्हातारा एकटा बसून मेणबत्त्या पेटवायचा. त्यांना वाटलं, देवाने क्षमा केली.

ती गुरासारखी राबली. मुलांचे पेले तिने घेतलेच नाहीत, सगळं पाणी आपल्या वाट्याचं. ओठ फुटले होते तिचे. विटा इतक्या नेटक्या पाडायची की अंसेल्मने पाहिल्या असत्या तर थट्टा करायला त्याला जागा उरली नसती. जवळ कुणाला येऊ द्यायची नाही. घर तिने जुन्या गोणपाटांच्या आडोशाने झाकून ठेवलं होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जमले. गुरुजींनी मातीचा बाळ येशू कपड्यात गुंडाळून आणला होता. ओदिल आली, क्लारिस नळ बंद करून आली. फिलोमेनने गोणपाटं बाजूला केली.

घर सुंदर होतं. चुन्याने पांढरं केलेलं, वर काडांचं छप्पर, भिंती पुऱ्या आणि सरळ. मुलं "आहा" म्हणाली. गुरुजी बाळाला घेऊन पुढे वाकले, एकीकडून गेले, दुसरीकडून गेले, आणि घराला पूर्ण फेरी घालून परत तिथेच आले.

"पोरी, दार?"

"दार नाही."

"नाही कसं? मग बाळाला आत कसं न्यायचं?"

"नाही न्यायचं."

"ओदिल, मी सांगते, मोसीने घर बांधलं की असंच..." क्लारिसने ओदिलकडे बघत हसायला सुरुवात केली, पण कुणी हसलं नाही.

सिरिल म्हणाला, "मी एक वीट काढू?" आणि त्याने हात पुढे केला. फिलोमेनने त्याला असं ढकललं की तो उताणा पडला. "हात लावायचा नाही! एक जरी वीट काढली तर कुणीतरी जातं!"

तेव्हा कुठे ओदिलला कळलं. तिने तोंडावर हात दाबला. गुरुजी गुडघ्यांवर बसले, बाळाला एका हाताने छातीशी धरून.

"फिलोमेन, ऐक. तुझ्या भिंतीमुळे काही झालं नाही. तुझा बाप तळ्यावरून परत गेला, त्याच दिवशी गेला. तू ती भिंत बांधलीस तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं, पोरी. तुझा यात काही संबंध नाही."

फिलोमेनने त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"नाताळ होता... तुम्ही मुलं..."

"आजही नाताळच आहे," ती म्हणाली. "तुम्ही मुलांसाठी काहीही सांगता."

आयुष्यभर गुरुजींनी मुलांना शिकवलं, आणि जेव्हा एका मुलीला खरं सांगायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या खऱ्याला किंमत उरली नव्हती. त्यांनी बाळ येशूला भिंतीबाहेर धुळीत ठेवलं, थोडं काड गोळा करून त्याच्याखाली सारलं, आणि मुलांना घेऊन ते प्रार्थनेला गेले. रात्री गौरवगीत ऐकू आलं. फार थोडे आवाज होते.

मी इथेच पडलोय, त्या घराच्या मागे, वाळलेला. बाळ बाहेर आहे. वारा सुटलाय, त्याच्या अंगावर धूळ बसत चाललीय आणि ती झटकायला कुणी आलेलं नाही. फिलोमेन भिंतीला पाठ लावून बसलीय, आत कुणी शिरू नये म्हणून. आत कुणीच नाही. पुढच्या आगमनकाळात माझ्या विटांचं घर होईल असं मला वाटत नाही. मला चुलीत घालतील. घालू देत.

फक्त तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, तर त्या मुलीला एवढं सांगा: ती जागा पाणी संपलं म्हणून राहिली होती. मी तिथे होतो. माझ्यात भरायला चिखल नव्हता. दुसरं काहीही कारण नव्हतं. तिचा विश्वास बसणार नाही, मला माहीत आहे. तरी सांगा.